विश्लेषण : हार्ड डिस्कमधील ‘बॅड सेक्टर’ वेळीच कसे ओळखाल?

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांचे सत्र सुरू झाले. धुंदलवाडी परिसर त्याच्या केंद्रस्थानी होता. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. भिंतीला गेलेला तडा डोळ्यांना दिसतो, पण संगणकातील हार्ड डिस्क खराब होऊ लागली तर बाहेरून काहीच कळत नाही. शाळेचे निकाल, सेवा केंद्रातील दाखले, वनहक्क दाव्यांची स्कॅन केलेली कागदपत्रे, घरचे फोटो असे सारे त्याच डिस्कवर असते. लिनक्ससारख्या प्रणालीत ही डिस्क तपासण्याची मोफत साधने आहेत. ती कशी वापरायची?

बॅड सेक्टर म्हणजे काय?

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या चकत्या मिनिटाला साधारण ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात. त्यांच्यावर माहितीचे छोटे कप्पे असतात, त्यांना सेक्टर म्हणतात. जुन्या डिस्कमध्ये एक सेक्टर ५१२ बाइटचा असे, नव्या डिस्कमध्ये तो ४,०९६ बाइटचा असतो. ज्या कप्प्यातील माहिती वाचता येत नाही, तो बॅड सेक्टर. डिस्क लिहिता लिहिता वीज गेली, तर अर्धवट लिहिलेला कप्पाही वाचता येत नाही. असा कप्पा पुन्हा लिहिल्यावर बहुधा सुधारतो. चकतीला इजा झाली असेल, तर मात्र तो सुधारत नाही.

धक्के आणि दमट हवेचा संबंध काय?

माहिती वाचणारे ‘हेड’ चकतीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगते. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. प्रत्येक सौम्य धक्क्याने डिस्क बिघडते असे नाही. खरा धोका चालू संगणक टेबलावरून पडण्याचा किंवा त्याच वेळी वीज जाण्याचा असतो. म्हणून सीपीयू उंच रॅकवर न ठेवता खाली, पक्क्या जागी ठेवावा आणि त्याला यूपीएस जोडावा. किनाऱ्यावरील खारट, दमट हवेने केबलच्या जोडांवर गंज चढू शकतो. तेव्हा दोष केबलचा असतो आणि संशय डिस्कवर येतो.

तपासणीची सुरुवात कुठून?

आधी महत्त्वाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. आजारी डिस्कवर तपासणीचाही ताण पडतो. त्यानंतर टर्मिनल उघडून ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा द्या. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी डिस्कची नावे आणि क्षमता दिसेल. कोणती डिस्क तपासायची हे इथेच नक्की करा. सर्व आज्ञा इंग्रजीच्या छोट्या अक्षरांत टाइप कराव्या लागतात.

डिस्क स्वतःच काय सांगते?

बहुतेक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद ठेवतात, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. ‘स्मार्टमॉनटूल्स’ हे पॅकेज बसवून ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीबी’ अशी आज्ञा दिली की तक्ता दिसतो. हेच साधन फ्रीबीएसडी आणि मॅकओएसवरही चालते. तक्त्यातील चार ओळींचा शेवटचा, ‘रॉ व्हॅल्यू’चा रकाना पाहा.

क्रमांक ५ : खराब ठरल्याने राखीव जागेत हलवलेले सेक्टर.
क्रमांक १९७ : वाचता न आलेले, निर्णय बाकी असलेले सेक्टर.
क्रमांक १९८ : डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही न वाचता आलेले सेक्टर.
क्रमांक १९९ : डिस्क आणि संगणक यांच्यामधील देवाणघेवाणीतील चुका. हा आकडा वाढत असेल तर आधी केबल बदलून पाहा.

पहिल्या तीन ओळींत शून्य असणे उत्तम. ५ क्रमांकाचा छोटा आकडा महिनोन्महिने स्थिर असेल, तर लगेच घाबरण्याचे कारण नाही. तो आठवड्यागणिक वाढत असेल, तर डिस्क बदलण्याची वेळ आली आहे. सविस्तर चाचणीसाठी ‘सुडो स्मार्टसीटीएल -टी लाँग’ आणि पुढे डिस्कचे नाव द्यावे. ही चाचणी डिस्क आतल्या आत करते.

‘बॅडब्लॉक्स’ कधी वापरावे?

प्रत्येक कप्पा वाचून पाहायचा असेल तर ‘सुडो बॅडब्लॉक्स -एसव्ही /डेव्ह/एसडीबी’ ही आज्ञा आहे. ‘एस’मुळे किती टक्के काम झाले ते दिसते, ‘व्ही’मुळे तपशील मिळतो. या प्रकारात डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. मध्येच वीज गेली, तरी या तपासणीने माहितीत बदल होत नाही. सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने १ टेराबाइटची डिस्क वाचायला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. जुन्या यूएसबी जोडणीवर हे काम रात्रभर चालू शकते. ४ टेराबाइटपेक्षा मोठ्या डिस्कसाठी ‘-बी ४०९६’ हेही जोडावे.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. याच आज्ञेत ‘-डब्ल्यू’ लिहिले तर डिस्कवरील सारी माहिती पुसली जाते. इंटरनेटवरून आज्ञा जशीच्या तशी उचलताना हे अक्षर आधी शोधा. रिकाम्या डिस्कशिवाय ते कधीही वापरू नये.

दोष आढळला तर?

एखाददुसरा कप्पा खराब असेल आणि विभाग ‘ईएक्सटी४’ प्रकारचा असेल, तर तो अनमाउंट करून ‘ई२एफएससीके -सी’ चालवता येते. त्यामुळे खराब जागा पुढे वापरली जात नाही. पण दोष वाढत असतील, टकटक आवाज येत असेल किंवा फायली उघडताना संगणक अडकत असेल, तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका. ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ने संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. हे साधन आधी चांगला भाग उतरवते आणि अवघड जागांकडे नंतर वळते. दुरुस्तीचा प्रयत्न करायचाच असेल तर तो त्या प्रतीवर करावा.

किती वेळा तपासावे?

‘स्मार्ट’चा तक्ता महिन्यातून एकदा पाहून चार आकडे वहीत लिहून ठेवावेत. मोठा धक्का बसल्यावर किंवा संगणक पडल्यावर लगेच पाहावेत. मात्र काही डिस्क कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडतात. त्यामुळे मूळ कागदपत्रांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या इमारतीत असायलाच हवी.