द्राक्षाचा खुंट आणि विहिरीचे पाणी



आमचे काम उसाचे. पण शिवारात गेलो की हल्ली उसाच्या बेण्याइतकीच द्राक्षाच्या खुंटाची चौकशी होते. कुंडल-पलूस भागात अनेकांचा ऊस खाली काळ्या रानात, द्राक्ष वर माळाला आणि पाणी एकाच विहिरीचे. तेव्हा हा विषय आपलाच आहे.

पूर्वी आपल्याकडे थॉमसनची काडी थेट जमिनीत लावीत. फ्रान्समध्ये १८६० नंतर फायलोक्सेरा या मुळावरच्या किडीने बागा बसल्या, म्हणून तिकडे अमेरिकन जंगली द्राक्षाच्या खुंटावर कलमे सुरू झाली. आपण खुंट धरला तो पाणीटंचाई आणि खारट पाण्यापायी. त्यात टेक्सासकडचा डॉगरिज सर्वांत जास्त पसरला.

खुंट करतो काय? मुळी खोल जाते, ही एक गोष्ट. दुसरी अशी की माती सुकू लागली म्हणजे मुळी ॲब्सिसिक आम्ल तयार करून रसावाटे पानाकडे धाडते. पानाची छिद्रे मिटू लागतात, पाणी कमी उडते. हा निरोप किती लवकर जाईल ते बऱ्याच अंशी खुंटावर असते. वर थॉमसन तोच, पण खालचा खुंट बदलला की पाण्याचा खर्च बदलतो.

मात्र डॉगरिज म्हणजे बिनपाण्याची बाग, हा समज काढून टाका. त्याचा जोम दांडगा. काळ्या रानात पाणी आणि युरिया सढळ दिला की पाला माजतो, पाल्यातून पाणी उडते, आणि काडीत घड कमी! अशा रानात मध्यम जोमाचा, ताण सोसणारा ११०-आर बघावा. पाण्यात सोडियम जास्त असेल तर डॉगरिजवरच्या वेलीत तो चढतो, पालाश घटते, पानांच्या कडा करपतात. यासाठी लागणीआधीच माती-पाणी तपासा आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्या. नुसते 'जंगली' म्हणून रोप आणू नका, जातीचे नाव विचारा. चुकलेला खुंट बाग काढेपर्यंत गळ्यात राहतो.

उसाला ही सोय नाही. त्याला कलम होत नाही, को ८६०३२ सारखी ताण सोसणारी जात निवडायची, एवढेच.

नवी बाग धरणाऱ्यांनी विहिरीचे एप्रिल-मेचे पाणी आधी मोजावे. खरड छाटणीची फूट त्याच दिवसांत येते, आणि खालचा ऊसही तेव्हाच पाणी मागतो.