काढायचे पैसे

सकाळी ८:४०. जबलपूरच्या कमानिया गेटाखालून मिस्त्री स्कूटी ढकलतच नेतो. पायाशी ३०५ मीटर केबलचा खोका, मागे शिडी धरून बसलेला हाताखालचा पोरगा. हा दरवाजा त्रिपुरी काँग्रेसच्या आठवणीसाठी उभारलेला. १९३९ साली सुभाषबाबू अध्यक्ष होते, ते अधिवेशन. आत्ता त्याच्या पायाशी भाजीची गाडी आडवी लागलीय. "सरको भैया," मिस्त्री म्हणतो आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, "काका, रोजच असं होऊन राहिलं." त्याचे आजोबा नागपूरकडून आले होते, मराठीत ते नागपूर अजून आहे.

९:०५. जुनं हॉटेल, तीन मजले, २२ खोल्या. मालक काउंटरवरून ओरडतात, "नेट का प्लान बढ़ा दिया, फिर भी गेस्ट झगड़ते हैं." मिस्त्री फोनवर वेग मोजतो. काउंटरपाशी १८० एमबीपीएस. तिसऱ्या मजल्यावर, ३०४ समोर, २. प्लॅन बिचारा काय करणार?

९:४०. मजल्यामजल्यावर प्लगात खोचलेले रिपीटर निघतात. चार. दरवर्षी तक्रार आली की एक आणायचा, असा रिवाज. रिपीटर ऐकतो तेच परत बोलतो, त्याच चॅनलवर. तेवढा वेळ बाकीच्यांनी गप्प बसायचं. वेग जवळजवळ निम्मा. त्याचं ऐकून दुसरा बोलला की आणखी निम्मा. भोवती सराफ्यातल्या दुकानांची नेटवर्कं वेगळी. फोनवर ती मोजतामोजता मिस्त्री सत्तावीसवर थांबतो.

"आधी हे काढायचे," तो म्हणतो. पोरगा चारही काढून काउंटरवर ठेवतो. मालक ते पुसून खणात घालतात.

१०:३०. ड्रिल. भिंत दीड फुटाची, विटेची. लांब बिटही पलीकडे जेमतेम निघतो. पोरगा शिडीवर, डोक्याला गमछा, पापण्यांवर लाल भुकटी. रोज ५०० आणि दुपारचं जेवण. खालून मिस्त्री केबल सोडतो, वर पोरगा ओढतो. पहिल्या मजल्याला २५ मीटर, दुसऱ्याला ३५, तिसऱ्याला ५०. एका ओढीत शंभर मीटरच्या आत राहायचं, त्यापुढे भरवसा नाही. २०६ मधल्या पाहुण्याची झोप मोडते. तो दार उघडून बघतो, शिडी बघतो, दार लावतो.

१२:१५. टोकं चढवणं. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. मिस्त्री हे पुटपुटत नाही, बोटांनाच पाठ आहे. पोरगा पुटपुटतो. टेस्टरवर आठ दिवे एकामागून एक लागायला हवेत. तिसरा आणि सहावा जागा बदलतात. टोक कापलं, कनेक्टर गेला. दहा रुपये. मिस्त्री काही बोलत नाही, दुसरा पुढे करतो.

१:३०. जेवण. पोळी, बटाटा, लोणचं. मग बडकुल हलवायाकडची खोव्याची जलेबी, काळपट, जड. पैसे मी देतो, एवढं तरी.

२:१५. प्रत्येक मजल्याच्या व्हरांड्यात वाय-फायचा एकेक डबा, छताला, दारांच्या रांगेच्या मधोमध. वीट लाटेला अडवते, लाकडी दार तेवढं अडवत नाही. वीजही त्याच केबलमधून जाते, त्यामुळे छताजवळ प्लग लागत नाही. तीन डबे, तीन चॅनल: १, ६ आणि ११. हे तिन्ही एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. ताकद मिस्त्री कमी करतो. मालक दचकतात. "कम?" जास्त ठेवली तर खालच्या मजल्यावरचा फोन वरच्या डब्याला चिकटून राहतो, सोडत नाही.

४:००. मालकांची खरी तक्रार आता निघते: लग्नाच्या दिवशी नेट लागतच नाही. राउटरकडे वाटायला १०० पत्ते, मुदत २४ तास. वऱ्हाड सकाळी येतं, चहा घेतं, निघून जातं. पत्ते मात्र दिवसभर त्यांच्याच नावावर. मिस्त्री पत्ते २०० करतो, मुदत दोन तास. दोन मिनिटांचं काम. दिवसातलं सगळ्यात मोठं काम हेच असावं, पण त्यात धूळ उडत नाही, म्हणून कोणाला दिसत नाही.

५:२०. ३०४ समोर ६०.

६:००. हिशेब. केबल ओढाई ११० मीटर, १२ ने, १३२०. तीन पॉइंट, ४५० ने, १३५०. सेटिंग १०००. जुने काढणे ३००. मालक शेवटच्या ओळीवर बोट ठेवतात. "निकालने के पैसे?" बराच वेळ बोलणं होतं. ३९७० चे ३६०० होतात. पोरग्याचे ५०० तिथेच वेगळे निघतात.

८:१०. फोन. तिसऱ्या मजल्यावर पुन्हा तक्रार. स्कूटी पुन्हा कमानीखालून, आता बाजार भरलेला, मी मागे बसलेला. वर ३०४ पाशी प्लगात रिपीटर, दिवा लागलेला. हॉटेलातल्या मुलानं खणातून काढून लावलाय. "साहब, मैंने सोचा और तेज हो जाएगा."

मिस्त्री तो उपटतो. खाली येऊन खणातले उरलेले तीनही मागून घेतो आणि पिशवीत टाकतो. या फेरीचे पैसे तो मागत नाही. मालक पिशवीकडे बघतात. "चारों ले जा रहे हो?"