अठरा प्रेमांची कबुली आणि आपले गप्प घर

मिरजेतले एक निवृत्त उर्दू शिक्षक माझे जुने स्नेही आहेत. सांगलीच्या कोर्टात तारीख असली की काम आटोपून मी मिरजेला त्यांच्याकडे जातो. मला उर्दू ऐकून बऱ्यापैकी कळते, पण लिपी वाचता येत नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यात त्यांनी मला जोश मलिहाबादी यांच्या 'यादों की बरात' या आत्मचरित्रातले काही भाग वाचून दाखवले. जिथे अडले तिथे अर्थही सांगितला. पुस्तक मिटून ते म्हणाले, "वकीलसाहेब, एवढं खरं लिहिणारा शायर दुसरा दाखवा! अठरा प्रेमं केली आणि अठराही सांगून टाकली."

मी मान डोलावली. पण साताऱ्याला परतताना एसटीत एकच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. जोश एवढे खरे बोलले, पण त्या खरेपणाची किंमत कोणी मोजली?

जोश हे काही लहानसहान नाव नव्हे. लखनौजवळच्या, आंब्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मलिहाबादच्या पठाण जहागीरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. इंग्रजी राजवटीविरुद्धच्या कवितांमुळे ते 'शायर-ए-इन्किलाब' म्हणून ओळखले गेले. १९४० च्या दशकात ते आपल्या पुण्यातही राहून गेले आणि शालिमार पिक्चर्ससाठी त्यांनी गाणी लिहिली. १९५४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यानंतर काही वर्षांनी ते पाकिस्तानात गेले. १९७० साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि एकच गदारोळ उडाला. १९८२ साली इस्लामाबादेत त्यांचे निधन झाले. त्या पुस्तकात प्रेमप्रकरणे आहेत, मद्य आहे, धर्माविषयीच्या शंका आहेत. उर्दूत असे उघडेवाघडे आत्मकथन तोवर फारसे कोणी केले नव्हते, ही गोष्ट मान्य केलीच पाहिजे.

परंतु मी वकील आहे. कोणी काही कबूल केले की त्या कबुलीचे वजन काय, हे पाहण्याची मला सवय आहे. १८७२ च्या साक्ष कायद्यात एक तत्त्व होते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी ते तत्त्व कायम आहे. मयत माणसाचे बोलणे एरवी ऐकीव पुरावा ठरते आणि बाजूला ठेवले जाते. पण ते बोलणे त्याच्या स्वतःच्या पैशाच्या किंवा मालमत्तेच्या हिताविरुद्ध असेल, किंवा ते खरे असल्यास त्याच्यावरच खटला होऊ शकला असता, तर न्यायालय ते विचारात घेते. कारण साधे आहे. माणूस स्वतःच्या फायद्यासाठी खोटे बोलेल, पण तोट्याचे खोटे कशाला बोलेल?

ही कसोटी आता आत्मचरित्राला लावून पाहू. जोश यांनी धर्माविषयी शंका उघडपणे मांडल्या आणि पाकिस्तानात राहून मांडल्या, तेव्हा ते स्वतःच्या तोट्याचे बोलत होते. तिथे त्यांना सलाम! पण अठरा प्रेमांचे काय? ज्या हवेलीत मोलकरणी आणि दासी यांचा राबता होता, ज्या मैफलीत पुरुषाची रंगेलवृत्ती हीच त्याची ऐट समजली जात होती, तिथे अठरा हा आकडा दोषारोप नाही, ते बिरुद आहे. त्या अठराजणी पुस्तकात बोलतात त्याही शायराच्याच तोंडून. त्यांच्या घरात पुढे काय झाले, बदनामी कोणाच्या वाट्याला आली, हे सांगण्याची जबाबदारी जहागीरदारावर नसते. तेव्हा ही कबुली खरी असेलही, पण ती स्वस्तातली आहे.

आणि आमच्या पोरांचे काय? २८ एप्रिल २०१४ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा गावात नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशी तो बोलतो, एवढाच त्याचा गुन्हा असल्याचे सांगितले गेले. साक्षीदार फुटले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून सर्व आरोपी निर्दोष सुटले. मग नितीनला मारले कोणी? एकीकडे अठरा प्रेमे मोजून सांगणारा शायर आणि दुसरीकडे नुसत्या बोलण्याच्या संशयावरून जीव गमावलेला शाळकरी पोरगा! प्रेमाविषयी खरे बोलण्याचे स्वातंत्र्यसुद्धा या देशात जातीप्रमाणे वाटले गेले आहे, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे.

म्हणूनच आमची स्वकथने वेगळ्या वाटेने गेली. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीचे शंकरराव खरात वकील झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तरीही १९८१ साली 'तराळ-अंतराळ' लिहिताना त्यांनी तराळकी करणारा बाप लपवला नाही. दलित लेखक भूक, मेलेल्या जनावराचे मांस आणि गावकीची लाचारी लिहू लागले, तेव्हा आपल्यातलीच शिकलेली मंडळी म्हणत होती की ही लक्तरे चारचौघांत कशाला मांडता? कारण ते लिहिणे तोट्याचे होते. म्हणून त्या पुस्तकांचे वजन आजही कमी झालेले नाही. पोटाविषयीचा खरेपणा आमच्या लेखकांनी या मराठी साहित्याला शिकवला.

पण घराविषयीचा खरेपणा? इथे आपण अडखळतो.

साताऱ्याहून फलटण फार लांब नाही. तिथे बेबीताई कांबळे राहत. त्यांचे 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले. लहानशा दुकानाच्या गल्ल्यावर बसून त्या लिहीत. लिहिलेले कागद घरच्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून त्यांनी ते वर्षानुवर्षे लपवून ठेवले. फलटणमध्ये स्थायिक झालेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी ते लेखन पाहिले, उत्तेजन दिले, आणि मग ते उजेडात आले. त्या पुस्तकात महारवाड्यातल्या सुनांचे हाल आहेत. पळून जाऊ नये म्हणून पायात अडकवलेला लाकडी खोडा आहे. नवऱ्याने कापलेली नाके आहेत. आपल्याच पुरुषांनी आपल्याच बायकांशी जे केले, ते बेबीताईंनी कोणाची भीड न ठेवता लिहिले.

मात्र स्वतःच्या नवऱ्याचा हात आपल्यावर कसा उठे, हे त्यांनी त्या पुस्तकात लिहिले नाही. ते पुढे आले इंग्रजी अनुवादाच्या वेळी. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अनुवादाला अनुवादिका माया पंडित यांनी घेतलेली मुलाखत जोडलेली आहे. बेबीताईंच्या सांगण्याचा आशय असा की, हे तर बहुतेक सगळ्याच बायकांच्या नशिबी होते, मग माझे वेगळे काय सांगायचे? पुस्तकाचे नावही 'जिणं आमुचं' आहे, 'जिणं माझं' नाही. 'आम्ही' म्हणताना ही बाई वाघीण होती. 'मी' म्हणायची वेळ आली तेव्हा ती थांबली. २०१२ साली त्या गेल्या. त्यांनी लपवले असा आरोप मी करणार नाही. त्यांना बोलता येईल असे घर आणि अशी चळवळ आपण त्यांना दिली होती का, हा प्रश्न मात्र आपल्याला टाळता येणार नाही.

'मी' म्हणणारी एक निघाली. शाहीर अमर शेख यांची मुलगी आणि नामदेव ढसाळ यांची पत्नी मल्लिका अमर शेख. १९८४ साली 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आले. प्रेमात कशी पडले आणि त्याच संसारात कशी मोडत गेले, हे तिने नवरा हयात असताना, त्याचे नाव चळवळीत दुमदुमत असताना लिहिले. यात तिचा फायदा काय होता? काहीच नाही. ढसाळांची कविता त्यामुळे लहान झाली नाही, होणारही नाही. पण 'पँथर'च्या घरात काय घडते हे एका बाईने सांगितले, तर चळवळ बदनाम होते असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मी त्यांना विचारतो, चळवळ बदनाम कशाने होते? मारल्याने की सांगितल्याने?

हे सगळे इतरांविषयी लिहिणे सोपे आहे. म्हणून आता माझे सांगतो. माझे वडील चळवळीतले कार्यकर्ते होते. नामांतरासाठी त्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनी वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी स्मरणिका काढली आणि मला लेख मागितला. मी लिहिला. मोर्चे लिहिले, तुरुंग लिहिला, उपाशीपोटी केलेला प्रवास लिहिला. मोर्चाहून परतल्यावर ज्या रात्री ते आईला मारत, त्या लिहिल्या नाहीत. आईला फारसे वाचता येत नाही. माझ्या मुलीने तिला लेख वाचून दाखवला. आईने शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाली, "चांगलं लिवलंय बाबानं. पर ह्यो मानूस मी नाय बगितला."

मी रोज कोर्टात दुसऱ्यांच्या साक्षी तपासतो. त्या दिवशी माझी साक्ष माझ्या आईने एका वाक्यात फेटाळली!

कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली मी अनेक बायांचे अर्ज लिहिले आहेत. प्रतिज्ञापत्राची सुरुवात 'मी' या शब्दाने होते. आपल्या कितीतरी भगिनींच्या आयुष्यातले ते पहिले आणि शेवटचे आत्मचरित्र असते. तेही वकिलाच्या भाषेत, स्टॅम्प पेपरवर, घर मोडल्यावर लिहिलेले. घर मोडण्याआधी तिला 'मी' म्हणता आले असते तर?

आपण विहारात दर रविवारी पंचशील म्हणतो. तिसरे शील कामवासनेतल्या दुराचारापासून दूर राहण्याचे आहे, चौथे खोटे न बोलण्याचे. ही दोन्ही शिले अशी शेजारी-शेजारी आहेत. आपण तिसऱ्यावर प्रवचने देतो, पण तिसऱ्याविषयी बोलताना चौथे पाळतो का? आपल्या परंपरेला हे नवे नाही. थेरीगाथेत मुत्ता नावाची थेरी उखळ, मुसळ आणि नवरा यांतून आपण सुटलो, याचा आनंद उघडपणे सांगते. भिक्खुणी संघात तिचे बोलणे दडपले गेले नाही, ते जपून ठेवले गेले. म्हणून दोन हजारांहून अधिक वर्षांनी आज ते आपल्यापर्यंत पोहोचले आहे.

आणि बाबासाहेब? 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रमाईच्या स्मृतीला अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत दारिद्र्याच्या आणि विवंचनेच्या दिवसांत आपल्यासोबत तिने दुःख सोसले, याची जाहीर नोंद त्यांनी केली. जगाला राजकारण शिकवणाऱ्या ग्रंथाच्या पहिल्याच पानावर बायकोचे ऋण! पुढे १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. माईसाहेबांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' या पुस्तकात विवाहापूर्वीच्या पत्रव्यवहाराची हकीकत दिली आहे. लग्नाचा विषय काढताना बाबासाहेबांनी आपले वय झाकले नाही, आजारपण झाकले नाही. तुम्ही नकार दिलात तरी मला वाईट वाटणार नाही, असेही त्यांनी कळवले. देशाचा कायदामंत्री एका स्त्रीपुढे आपल्या तोट्याच्या गोष्टी आधी मांडतो आणि निर्णय तिच्यावर सोपवतो. माझ्या कसोटीला उतरणारा प्रेमातला खरेपणा हाच! इथे समोरची बाई आकडा नाही. तिला हो किंवा नाही म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे.

मित्रहो, जोश जरूर वाचावेत. पण आपण त्यांच्याकडून अठरा मोजायला शिकायचे नाही. जे आपल्याला झाकावेसे वाटते ते लिहायला शिकायचे आहे. चळवळीतल्या पुरुषांनी आपल्या आठवणी लिहाव्यात आणि त्यांत घरही लिहावे. शत्रू याचा फायदा घेईल ही भीती मला समजते. पण शत्रूच्या भीतीने आईला गप्प बसवणे हा समतेचा मार्ग नव्हे.

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी मी तोच लेख पुन्हा लिहायला घेतला आहे. मोर्चे तेच आहेत, तुरुंगही तोच आहे. फक्त या वेळी छापायला देण्याआधी तो आईला वाचून दाखवणार आहे. ती जिथे नाही म्हणेल तिथे खोडीन. ती जिथे हो म्हणेल ते तसेच ठेवीन, मग ते मला कितीही टोचो.

जयभीम!