उंबरठ्यापासून शाळेच्या बसपर्यंत

चेन्नईतील मांबलम स्थानकाच्या पूर्वेला त्यागरायनगरची सुप्रसिद्ध बाजारपेठ आहे आणि रुळांच्या पश्चिमेला वेस्ट मांबलम ही जुनी, दाट वस्ती आहे. सकाळी सातच्या सुमारास येथील घरांपुढे सडा पडलेला असतो, तांदळाच्या पिठाचे कोलम रेखून झालेले असते आणि भाजीवाल्यांच्या गाड्या आर्य गौडा रस्त्याच्या कडेने उभ्या राहू लागलेल्या असतात. ह्याच वेळी शाळांच्या पिवळ्या बसगाड्या ह्या भागात शिरतात. मुख्य रस्त्यापासून आत गेलेल्या गल्ल्या इतक्या अरुंद की, मोठी बस त्यांत वळत नाही. म्हणून ती कोपऱ्यावर थांबते, आणि दप्तर, डबा, पाण्याची बाटली सांभाळीत मुलांना तेथवर चालत जावे लागते. बस फार तर अर्धा मिनिट थांबते. तेवढ्या अवधीत आई किंवा वडील आपले मूल एका अनोळखी माणसाच्या हाती सोपवून मोकळे होतात, आणि संध्याकाळपर्यंत त्या विश्वासावर घर चालते.

शाळा निवडताना पालक चौकशी पुष्कळ करतात. शिक्षक कसे आहेत, निकाल कसा लागतो, शुल्क किती, हे सारे विचारले जाते. बसविषयी मात्र ती किती वाजता येते आणि महिन्याला किती पैसे पडतात, ह्यापुढे प्रश्न सहसा जात नाही. गाडी आतून पाहण्याचे तर बहुतेकांच्या मनातही येत नाही. शाळेची गाडी आहे, शाळेने पाहिलीच असेल, अशी समजूत असते. ती किती महाग पडू शकते, ह्याचा दाखला ह्याच चेन्नईने दिला आहे.

२५ जुलै २०१२ रोजी शहराच्या दक्षिणेस तांबरमजवळ शाळेतून घरी निघालेली दुसरीतील एक मुलगी बसच्या तळातील भोकातून खाली पडली आणि त्याच बसच्या चाकाखाली सापडून मरण पावली. ती कोठे धावत नव्हती, दारात लोंबकळत नव्हती. जेथे बसावे म्हणून सांगितले होते त्याच जागी ती बसली होती. पायांखालचा पत्राच नाहीसा झाला होता. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, रस्त्यावर चालण्यास ही गाडी योग्य आहे असा सरकारी दाखला तिला थोड्याच दिवसांपूर्वी मिळालेला होता. मद्रास उच्च न्यायालयाने ह्या घटनेची आपण होऊन दखल घेतली, आणि त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने शाळांच्या बसगाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले.

असे नियम भारतात त्यापूर्वी नव्हते असे नाही. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून क्षमतेहून अधिक मुलांनी भरलेली एक शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुले दगावली. त्यानंतर डिसेंबर महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका चालू असलेल्या खटल्यात शाळांच्या बसगाड्यांसंबंधी काही आज्ञा केल्या. अवजड वाहन चालविण्याचा निदान पाच वर्षांचा अनुभव नसलेल्या माणसाला शाळेची बस देऊ नये. ताशी ४० किलोमीटरहून अधिक वेग घेता येणार नाही असे यंत्र तिला बसवावे. बसमध्ये जाणता मदतनीस असावा, ह्या त्यांतील प्रमुख होत. महाराष्ट्राने २०११ मध्ये आपले नियम केले आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी व तीत पालकांचा प्रतिनिधी बसावा, असे ठरविले. तमिळनाडूचे नियम वर्षाने मागाहून आले. सोनेरी पिवळा रंग, आणीबाणीचे दार, खिडक्यांना आडवे गज, आग विझविण्याचे साधन, प्रथमोपचाराची पेटी, मुलांना चढउतार करण्यास मदत करणारा माणूस, अशा गोष्टी त्यांत आल्या. शाळा जूनमध्ये उघडण्यापूर्वी, मे महिन्यात, जिल्ह्याजिल्ह्यातील बसगाड्या एका मैदानावर आणून परिवहन, पोलीस आणि शिक्षण खात्याचे अधिकारी त्या तपासतात. पायऱ्या फार उंच आहेत का, तळ मजबूत आहे का, दार नीट उघडते का, हे पाहून नापास गाड्या परत पाठविल्या जातात.

तपासणी चांगलीच असते, पण ती वर्षातून एकदा असते. चेन्नईची खारी, दमट हवा आणि पावसाळ्यात साचणारे पाणी बसच्या पत्र्यावर वर्षभर आपले काम करीत राहते. मे महिन्यातला चांगला पत्रा डिसेंबरात तसाच असेल असे नाही. हे अंतर भरून काढणे अधिकाऱ्यांच्या हाती नाही. ते रोज बसजवळ येणाऱ्या पालकांच्याच हाती आहे.

त्यासाठी यंत्रशास्त्र शिकावे लागत नाही. शाळेची परवानगी घेऊन एखाद्या सकाळी आपल्या मुलाबरोबर बसमधून शाळेपर्यंत जाऊन यावे. नियमांची पाळणूक होते की नाही हे पाहण्यासाठी पालकाला बसमधून प्रवास करता यावा, ही मुभा सर्वोच्च न्यायालयाच्या त्या आज्ञांतच आहे. प्रवासात पाहण्याच्या गोष्टी साध्या आहेत. तळावर कोठे लाकडी फळी, चटई किंवा पत्र्याचे ठिगळ टाकले आहे का. टाकले असल्यास त्याखाली काय झाकले आहे, हे विचारावे. आणीबाणीचे दार उघडून दाखविण्यास सांगावे, कारण पुष्कळ ठिकाणी त्या दारासमोरच दप्तरांचा ढीग रचलेला असतो. मुले आसनांवर मावतात की दोघांच्या जागी तिघे दाटीने बसतात, चालक दार लागल्यावरच गाडी हलवितो की हलती गाडी असताना मदतनीस दार ओढून घेतो, आणि मदतनीस मुळात असतो का, हे एका फेरीत समजते. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. पगार वाचविण्यासाठी अनेकदा पहिली काटछाट मदतनिसाचीच होते, आणि मग पुढे बसलेल्या मोठ्या विद्यार्थ्यावर दार सांभाळण्याचे काम येऊन पडते.

गाडीच्या क्रमांकाची पाटीही बोलकी असते. भाड्याने माणसे वाहण्याचा परवाना असलेल्या गाडीची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी ही खाजगी वापराची. वेस्ट मांबलमसारख्या वस्तीत गल्लीच्या आत येऊन मुलांना नेणाऱ्या लहान गाड्यांची सोय पालकांना फार वाटते, आणि ती खरोखरच सोय आहे. तथापि अशी गाडी पांढऱ्या पाटीची असेल तर तिला मुले वाहण्याचा परवाना नाही, आणि अपघात झालाच तर विम्याची भरपाई मिळण्यातही अडचण येते, हे ध्यानात ठेवावे. केंद्र सरकारच्या एमपरिवहन ह्या मोबाइलवरील सेवेत गाडीचा क्रमांक घातला म्हणजे तिच्या योग्यतेच्या दाखल्याची व विम्याची मुदत दिसते. एका मिनिटाचे हे काम आहे.

बसचा रंग पिवळाच का, असे मुले विचारतात, आणि त्यांना उत्तर देता यावे म्हणून थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. १९३९ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर ह्या प्राध्यापकांनी अमेरिकेतील परिवहन अधिकाऱ्यांची आणि बस बांधणाऱ्यांची एक परिषद बोलाविली. तोपर्यंत तेथील मुले घोडागाडीपासून मालमोटारीपर्यंत मिळेल त्या वाहनाने शाळेत जात. परिषदेने बसच्या बांधणीची मापे ठरविली आणि भिंतीवर रंगांचे तुकडे लावून त्यांतून हा रंग निवडला. पहाटेच्या अपुऱ्या उजेडात तो लांबून दिसतो आणि त्यावरची काळी अक्षरे स्पष्ट वाचता येतात, हे त्याचे कारण. पण त्या देशात रंगाबरोबर एक कायदाही आला : बसचे लाल दिवे लुकलुकू लागले की मागची व समोरची वाहने थांबतात. आपल्याकडे रंग आला, थांबण्याची ती सवय आली नाही. आर्य गौडा रस्त्यावर शाळेची बस थांबली म्हणजे मागच्या दुचाक्या तिच्या उजवीकडून, आणि जागा मिळाली तर डावीकडूनही, म्हणजे ज्या बाजूने मुले उतरतात त्याच बाजूने पुढे घुसतात.

येथे दुसऱ्या दुर्घटनेची आठवण आवश्यक आहे. २८ मार्च २०२२ रोजी वेस्ट मांबलमपासून फार दूर नसलेल्या वळसरवाक्कम भागात सात वर्षांचा एक मुलगा शाळेच्या आवारात सुखरूप उतरला. काही वस्तू गाडीत राहिली म्हणून तो परत वळला आणि मागे येणाऱ्या त्याच गाडीखाली सापडला. त्यानंतर तमिळनाडूने नियमांत दुरुस्ती करून गाडीला पुढे व मागे कॅमेरा आणि मागे अडथळ्याची सूचना देणारे यंत्र सक्तीचे केले. २०१२ ची मुलगी बसच्या आत होती. २०२२ चा मुलगा बाहेर. पहिल्या संकटाविरुद्ध नियम, तपासणी, दाखले उभे करता येतात. दुसरे संकट दोन पावलांच्या जागेत आणि दोन क्षणांत घडते, आणि तेथे मुलाची सवयच त्याला वाचवू शकते.

मोठ्या गाडीच्या चालकाला तिच्या अगदी जवळचे दिसत नाही. उंच आसनावरून नाकासमोर उभे असलेले पाच वर्षांचे मूल काचेच्या कडेखाली जाते. डाव्या अंगाला, मागच्या चाकाजवळ, आरशातही ते दिसेलच असे नाही. म्हणून गाडीभोवतीची दहा फुटांची जागा मुलाने धोक्याची समजावी. घरातल्या अंगणात किंवा गच्चीवर दहा फूट मोजून दाखवावेत. लहान मुलाला आकडा समजत नाही, पावले समजतात. बस येताना रस्त्याच्या कडेपासून मागे सरून उभे राहावे, ती पूर्ण थांबून दार उघडल्यावरच पुढे व्हावे. काही वस्तू बसखाली गेली तर ती आणायला कधीही वाकू नये, मग ती नवी कंपासपेटी का असेना. ती वस्तू गेली तरी घरी कोणी रागावणार नाही, हे पालकांनी मुलाला आधीच सांगून ठेवलेले असावे. हरविलेल्या डब्याबद्दल मिळणाऱ्या बोलण्याचे भय मुलाला वाहनाच्या भयापेक्षा मोठे वाटते, हा अनुभव कोणत्याही घराला नवा नाही.

घर रस्त्याच्या पलीकडे असेल तर प्रश्न अधिक नाजूक होतो. आपल्याकडे बसचे दार डावीकडे असते. पलीकडे राहणारे मूल उतरून बसच्या पुढून किंवा मागून धावत निघते, आणि पलीकडे आई उभी दिसल्यावर तर त्याचे पाय थांबतच नाहीत. यास्तव मुलाला घ्यायला येणाऱ्याने पलीकडे उभे राहून हाक मारू नये. बस ज्या बाजूला थांबते त्याच बाजूला आधी जाऊन उभे राहावे. बस निघून जाईपर्यंत थांबावे आणि मग हात धरून रस्ता ओलांडावा. आजोबा येणार असतील तर त्यांनाही हे सांगितलेले असावे. वेस्ट मांबलममध्ये दुपारच्या बसची वाट पाहणाऱ्यांत आजोबांची संख्या कमी नसते.

आणखी एक धोका गप्प असतो. लहान मुले बसमध्ये झोपतात. सप्टेंबर २०२२ मध्ये कतारमधील अल वक्रा येथे चार वर्षांची एक भारतीय मुलगी बसमध्येच झोपून राहिली. गाडी उन्हात बंद करून ठेवली गेली आणि उष्णतेने ती दगावली. त्याच महिन्यात जपानमध्ये बालवाडीच्या बसमध्ये अशीच घटना घडली, आणि तेथील सरकारने एप्रिल २०२३ पासून अशा गाड्यांना एक यंत्र सक्तीचे केले. गाडी बंद करताच ते वाजू लागते, आणि ते थांबविण्यासाठी कोणीतरी शेवटच्या आसनापर्यंत चालत जावेच लागते. चेन्नईच्या उन्हाळ्याला कतारचे उदाहरण फार दूरचे नाही. प्रत्येक फेरीनंतर मागपर्यंत कोण चालत जातो, हे पालकसभेत नावानिशी विचारावे. मूल गैरहजर असल्यास शाळा घरी तत्काळ कळवीत नसेल, तर ती व्यवस्था करून घ्यावी.

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून चेन्नईस आलेल्या कुटुंबांपुढे भाषेची अडचण येते. चालकाला मराठी येत नाही, मुलाला तमिळ येत नाही. बोलण्याची सुरुवात मात्र अवघड नाही, कारण चालकाला अण्णा आणि मदतनीस बाईला अक्का म्हणावयाचे, हे शब्द मराठी घरांनाही परके नाहीत. त्यांच्या जोडीला तीन-चार शब्द मुलाला पाठ करून द्यावेत : ‘निरुत्तुंग’ म्हणजे थांबवा, ‘मेदुवा’ म्हणजे हळू, ‘इरंगणुम्’ म्हणजे उतरायचे आहे. ओळखपत्रावर घरचा दूरध्वनी आणि थांब्याचे नाव तमिळमध्येही लिहून घ्यावे. शेजाऱ्याकडून ते पाच मिनिटांत लिहून मिळते.

ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी पाऊस येतो तेव्हा मात्र सर्व वेळापत्रक बदलते. वेस्ट मांबलम आणि त्यागरायनगर ह्यांना जोडणारे दुरैस्वामी व अरंगनाथन हे रुळांखालचे भुयारी रस्ते जोराच्या पावसात पाण्याने भरतात आणि वाहतुकीस बंद होतात. बस वळसा घेऊन येते, आणि पाऊणशे पावलांवरची गल्ली गुडघाभर पाण्याखाली असते. उघड्या गटाराचे तोंड त्या पाण्यात दिसत नाही. शाळांना सुट्टी असल्याचे जिल्हाधिकारी कधी आदल्या रात्री, तर कधी भल्या पहाटे जाहीर करतात. म्हणून अशा दिवशी मुलाला दप्तर चढविण्यापूर्वी बातमी पाहावी, थांब्यावर पाणी असल्यास दुसरी कोरडी जागा कोणती हे चालकाशी आधीच ठरवून ठेवावे, आणि चालकाचा व मदतनिसाचा दूरध्वनी क्रमांक केवळ वडिलांच्या खिशातील यंत्रात न ठेवता स्वयंपाकघराच्या भिंतीवरही ठळक अक्षरांत लिहून लावावा.