काखेतील ‘पहारेकरी’ ग्रंथीचा शोध

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया म्हटली की स्त्रियांना दोन गोष्टींची भीती वाटते. एक स्तन गमावण्याची, आणि दुसरी हात कायमचा सुजण्याची. या दुसऱ्या भीतीविषयी आज थोडे पाहू.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते. ती असते सुजलेली लसिकाग्रंथी. काखेतही अशा वीस-तीस ग्रंथी असतात. स्तनातला रोग पसरू लागला की बहुधा आधी तेथे पोहोचतो. म्हणून पूर्वी त्या सरसकट काढून टाकीत. परंतु हातातील लस वाहून नेणाऱ्या वाटाही तेथूनच जातात. त्या तुटल्या की सुमारे पाचांतल्या एकीचा हात सुजतो. मग भरलेली कळशी उचलणेही जड जाते.

रोग काखेत पोहोचला आहे का, हे आधी सोनोग्राफीने पाहतात. संशय आल्यास सुईने तपासणी करतात. पण अगदी बारीक लागण सोनोग्राफीत दिसत नाही. अशा वेळी स्तनात टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचे अल्प मात्रेत इंजेक्शन देतात. ते वाहत जाऊन ज्या ग्रंथीत प्रथम थांबते, ती ‘पहारेकरी’ ग्रंथी. गॅमा कॅमेऱ्याच्या चित्रात ती ठिपक्यासारखी दिसते. शस्त्रक्रियेत हातातले शोधक यंत्र तिच्याजवळ नेले की त्याचा आवाज वाढतो. जोडीला निळा रंगही टोचतात. अशा एक-दोन ग्रंथी काढून तपासतात. त्या निरोगी निघाल्या तर बाकीच्यांना हात लावावा लागत नाही.

टेक्नेशियमचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो, त्यामुळे त्याची धास्ती नको. निळ्या रंगामुळे लघवी एखादा दिवस हिरवट होते, तेव्हाही घाबरू नये.

हे यंत्र सर्वत्र नसते. काखेच्या खालच्या भागातील मोजक्या ग्रंथी काढून तपासण्याची पद्धतही तितकीच भरवशाची ठरते, असे मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१३ साली दाखवून दिले.

मात्र काखेत रोग पसरल्यावर हा लाभ बहुधा मिळत नाही. स्तनातली गाठ दुखत नाही म्हणून अंगावर काढणे, ही आपल्याकडची मोठी चूक आहे. बेलपाड्याच्या भगिनींना तर टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग रुग्णालय खारघरमध्येच आहे. गाठ लागताच डॉक्टरांना दाखवा. शस्त्रक्रिया ठरली तर एवढे जरूर विचारा : “माझ्या काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढाव्याच लागतील का?”