टीएमएस म्हणजे शॉक नव्हे

मानसोपचारतज्ज्ञांनी ‘टीएमएस करून पाहू’ म्हटलं, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला : “म्हणजे शॉक का, डॉक्टर?”

शॉक म्हणजे ईसीटी. त्यात भूल देऊन रुग्णाला मुद्दाम फिट आणतात. टीएमएस म्हणजे चुंबकीय क्षेत्राने मेंदूच्या ठरावीक भागाला चेतना देण्याचा उपचार; त्यात फिट येऊ नये म्हणून जपतात. रुग्ण खुर्चीत जागाच असतो. डोक्याला टेकवलेली चुंबकीय कॉइल (तारेचं वेटोळं) आधी हाताच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागावर धरतात आणि जोर बदलत बदलत पाहतात. हाताचा अंगठा आपसूक उडाला, की त्या माणसाला किती जोर पुरतो ते कळतं. नैराश्यासाठी मग ती बहुतेकदा डाव्या कपाळामागच्या भागावर आणतात. टाळूवर टिचक्या मारल्यासारखं वाटतं. आवाज मोठा, म्हणून कानांत इअरप्लग. सत्र संपलं की माणूस आपल्या पायांनी घरी जातो.

(जाता जाता : ईसीटीही सिनेमात दाखवतात तशी राहिलेली नाही. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ती देण्यास 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच मनाई आहे. आणि अतितीव्र नैराश्यात टीएमएसपेक्षा ती अधिक गुणकारी.)

‘चुंबकच ना, मग चुंबकीय गादी घेतो,’ असं म्हणणारेही भेटतात. गादीतलं चुंबक स्थिर असतं. कॉइलमधलं क्षेत्र सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात उसळतं आणि ओसरतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निर्माण होते, हे फॅरेडेने 1831मध्ये दाखवलं होतं. त्याच तत्त्वावर इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर यांनी 1985मध्ये कवटी न उघडता मेंदूपर्यंत प्रवाह पोचवला. तोही वरच्या दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच. मनातले विचार वाचणं किंवा बदलणं, असलं काही त्यात नाही.

धोका? डोकं दुखतं, चेहऱ्याचे स्नायू उडतात. फिट येणं फार दुर्मीळ, पण अशक्य नाही. कानात कॉक्लिअर इम्प्लांट किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीवर धातूची क्लिप असलेल्यांना हा उपचार सहसा देत नाहीत. दातातल्या सिमेंटची चिंता नको.

सगळ्यात मोठा गैरसमज मात्र भीतीचा नाही, आशेचा आहे. अमेरिकेत 2010मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नैराश्याचे 190 रुग्ण होते. खऱ्या उपचाराने सुमारे 14 टक्के पूर्ण सावरले, खोट्या कॉइलने 5 टक्के. फरक खरा, पण जादू नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008मध्ये नैराश्यासाठी आणि 2018मध्ये ओसीडीसाठी (मंत्रचळेपणासाठी) या उपकरणांना मान्यता दिली. ऑटिझम किंवा अल्झायमर ‘बरा करतो’ अशा जाहिरातींना तेवढा पुरावा नाही. आणि एका बैठकीत काम होत नाही. नेहमीच्या पद्धतीत आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावं लागतं.

तेव्हा पॅकेजचे पैसे भरण्याआधी विचारा : निदान नेमकं काय, अंगठ्याची चाचणी कोण करणार, फिट आली तर सोय काय? पूर्वी कधी फिट आली असेल तर ती लपवू नका. आणि चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.