लहरींवरचे आकडे (भाग ६) : प्रतिध्वनीशी केलेला समेट

चित्र आणि ध्वनी यांचे आकड्यांत रूपांतर कसे होते आणि त्यांतील पुनरुक्ती वगळून त्यांचा भार कसा हलका केला जातो, हे मागील भागात पाहिले. हे आकडे प्रक्षेपकाच्या मनोऱ्यावरून घरोघरच्या अँटेनापर्यंत सुखरूप पोहोचवणे हा त्यापुढचा आणि अधिक कठीण प्रश्न होय. कारण रेडिओलहर एकाच वाटेने येत नाही. तिचा एक भाग सरळ येतो, तर दुसरा उंच इमारतीवर किंवा डोंगरकड्यावर आपटून, लांबचा फेरा घेऊन किंचित उशिरा येतो. या उशिरा येणाऱ्या लहरीला प्रतिध्वनी म्हणता येईल.

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रसारण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, त्या काळात आणि पुढेही अनेक वर्षे हा प्रतिध्वनी प्रेक्षकांना चक्क डोळ्यांनी दिसत असे. मूळ आकृतीच्या उजवीकडे तिचीच फिकट सावली उमटे आणि ती घालवण्यासाठी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवावा लागे. त्या ॲनालॉग पद्धतीत पडद्यावरील एका ओळीचा दिसणारा भाग ५२ मायक्रोसेकंदांत रेखला जाई. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. परावर्तित लहरीचा फेरा दीड किलोमीटरने लांबला, तर तिला ५ मायक्रोसेकंद उशीर होतो आणि सावली चित्राच्या रुंदीच्या सुमारे एक दशांश अंतरावर पडते.

सावली पडलेले चित्र डोळा चालवून घेतो. आकड्यांच्या प्रवाहाला मात्र असा दोष सोसत नाही. एकाच वाहक लहरीवरून सेकंदाला ७० लाख चिन्हे, म्हणजे आकड्यांचे छोटे गट, पाठवायचे ठरवले, तर प्रत्येक चिन्हाच्या वाट्याला एका मायक्रोसेकंदाचा सातवा हिस्सा येतो. अशा वेळी ५ मायक्रोसेकंद उशिरा आलेला प्रतिध्वनी पुढच्या पस्तिसाव्या चिन्हावर जाऊन आदळतो आणि दोन्हींची सरमिसळ होते.

यावरचा उपाय वेग वाढवण्यात नसून तो कमी करण्यात सापडला. एका लहरीने धावत सगळा माल वाहण्याऐवजी हजारो लहरींनी थोडाथोडा माल सावकाश वाहावा, ही या उपायामागची कल्पना होय. बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट चँग यांनी १९६६ साली तिची सैद्धांतिक मांडणी केली, आणि या असंख्य लहरी वेगवेगळ्या उपकरणांऐवजी फूरिए रूपांतर या गणिती क्रियेने एकाच वेळी कशा निर्माण करता येतील, हे वाइनस्टाइन व एबर्ट यांनी १९७१ साली दाखवले. ओएफडीएम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत शेजारच्या लहरींमधील अंतर इतके नेमके राखलेले असते की, त्या एकमेकींवर पसरलेल्या असूनही ग्राहकयंत्राला प्रत्येक लहर स्वतंत्रपणे वाचता येते.

युरोपात विकसित झालेल्या डीव्हीबी-टी या दूरचित्रवाणी मानकात ८ मेगाहर्ट्झच्या एका वाहिनीत अशा ६८१७ लहरी बसवता येतात. तेव्हा प्रत्येक चिन्ह ८९६ मायक्रोसेकंद टिकते आणि त्याच्या आधी एक रक्षक काळ जोडलेला असतो. या काळात त्याच चिन्हाचे शेपूट पुन्हा एकदा पाठवले जाते, त्यामुळे मागच्या चिन्हाचा प्रतिध्वनी या मोकळ्या जागेतच विरून जातो. हा काळ २२४ मायक्रोसेकंद ठेवला, तर ६७ किलोमीटरपर्यंतच्या जादा फेऱ्याने आलेली लहरही बाधत नाही. या संरक्षणाची किंमत मात्र मोजावी लागते : एका प्रचलित मांडणीत रक्षक काळ चिन्हाच्या बत्तिसाव्या भागाइतका असताना सेकंदाला २४.१३ मेगाबिट वाहून नेणारी वाहिनी तो चौथ्या भागाइतका होताच १९.९१ मेगाबिटवर येते.

या रचनेचे खरे फळ याहून मोठे आहे. प्रतिध्वनी बाधत नसेल, तर शेजारच्या मनोऱ्यावरून त्याच वारंवारितेवर, त्याच क्षणी पाठवलेली तीच लहरही बाधत नाही. ग्राहकयंत्राच्या लेखी तीही एक प्रतिध्वनीच ठरते आणि उलट मूळ लहरीला बळ देते. ॲनालॉग पद्धतीत जवळपासच्या मनोऱ्यांना निरनिराळ्या वारंवारिता द्याव्या लागत. आता संपूर्ण प्रदेश एकाच वारंवारितेने व्यापता येतो. १९९५ साली ब्रिटन आणि नॉर्वे येथे सुरू झालेला डॅब हा डिजिटल रेडिओ याच तत्त्वावर चालतो. अमेरिकेने आपल्या पहिल्या डिजिटल दूरचित्रवाणीसाठी एकाच वाहक लहरीची पद्धत निवडली होती. परंतु तेथील एटीएससी ३.० या पुढच्या मानकाने ओएफडीएमच स्वीकारले.

२००९ साली आलेल्या डीव्हीबी-टी२ मानकात चिन्हाची लांबी ३५८४ मायक्रोसेकंदांपर्यंत नेता येते. त्यामुळे २२४ मायक्रोसेकंदांचे तेच संरक्षण चिन्हाच्या चौथ्या भागाऐवजी अवघ्या सोळाव्या भागात मिळते. हेच मानक दूरदर्शनने स्वीकारले आणि २०१६ साली मुंबई व औरंगाबादसह १६ शहरांत त्यानुसार सेवा उपलब्ध करून दिली.

डिजिटल प्रसारणाची थोरवी सहसा चित्राच्या सुबकपणावरून मोजली जाते; परंतु रेडिओलहरींचा पट्टा ही साऱ्या समाजाची आणि वाढवता न येणारी संपत्ती आहे, आणि तिचा काटकसरीने वापर शक्य करणे हेच या तंत्राचे सर्वांत मोठे देणे होय. हेच तत्त्व मध्यमलहरींवरील रेडिओला कसे लागू पडते, याचा विचार पुढील भागात करू.